डाव्या अलिंदाचे मोजमाप आणि हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अनियमित ठोक्यांचे पूर्वानुमान : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : भंडारा जिल्हा)

प्रस्तावना

हृदयशस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, रुग्ण शुद्धीवर येतो, श्वासनलिकेतील नळी काढली जाते आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एकाएकी त्याच्या हृदयाचे ठोके जलद व अनियमित होतात. हा अनुभव जगातील सर्वच हृदयशस्त्रक्रिया विभागांना परिचित आहे. वैद्यकात या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात; मराठीत त्यास अलिंदकंप म्हणता येईल. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, सुसंघटित आकुंचन थांबते व त्यांच्या भिंती नुसत्या थरथरत राहतात. आत साचलेल्या रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. १७ देशांतील ७० केंद्रांमधील ४६५७ बायपास रुग्णांचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ३२ टक्के रुग्णांना हा विकार झाल्याचे आढळले. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण याहूनही अधिक असते.

हा विकार कोणाला होईल हे शस्त्रक्रियेपूर्वीच सांगता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या अर्धशतकात प्रामुख्याने हृदयाच्या श्राव्यातीत ध्वनी तपासणीतून, म्हणजे सर्वपरिचित टू-डी इकोतून, शोधले गेले. प्रस्तुत निबंधात या शोधाचा इतिहास मांडून भंडारा जिल्ह्यासारख्या भागाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार केला आहे. यंत्राच्या प्रगतीइतकाच एका ठिकाणच्या माणसांचा वर्षानुवर्षे ठेवलेला पाठपुरावा या ज्ञानाच्या मुळाशी आहे. भंडाऱ्यातील रुग्णाच्या वाट्याला यंत्राचा लाभ येऊ लागला; पाठपुराव्याची साखळी मात्र जिल्ह्याच्या सीमेवर तुटते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

नाडीपासून हृदयालेखापर्यंत

अनियमित नाडीची ओळख सर्वच प्राचीन वैद्यक परंपरांना होती. तथापि या अनियमिततेचे मूळ अलिंदात आहे, हे उलगडण्याचा मार्ग एका लहान औद्योगिक गावातून निघाला. इंग्लंडमधील बर्नले येथे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करणारे जेम्स मॅकेन्झी हे आपल्या रुग्णांच्या मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन एकाच वेळी कागदावर नोंदवीत असत. संधिज्वराने द्विदल झडप आकुंचित झालेल्या रुग्णांना ते वर्षानुवर्षे तपासत राहिले. नाडी कायमची अनियमित होताच मानेतील शिरेत दिसणारी अलिंदाच्या आकुंचनाची लाट नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानात आले. नाडीच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९०२ साली प्रसिद्ध झाला. पुढे विलेम आइन्टहोव्हेन यांच्या हृदयालेख यंत्राच्या, म्हणजे ईसीजीच्या, साहाय्याने १९०९ साली लंडनमध्ये थॉमस लुईस यांनी आणि त्याच सुमारास व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी हा अलिंदकंपच असल्याचे दाखवून दिले.

मॅकेन्झींपाशी फार मोठे साधन नव्हते. रुग्ण त्याच गावात राहत होता, तोच वैद्य त्याला पुन्हा पुन्हा तपासत होता आणि आधीची नोंद हाताशी होती, हे त्यांचे खरे बळ होते. ईसीजीने विकाराचे निदान पक्के केले. परंतु विकार होण्यापूर्वी अलिंदाची अवस्था काय होती, हे सांगणे ईसीजीला फारसे शक्य नव्हते. त्यासाठी अलिंद प्रत्यक्ष मोजणे आवश्यक होते.

१९५३ : एका वर्षातील दोन घटना

हृदयशस्त्रक्रिया आणि हृदयाची ध्वनितपासणी या दोन्ही शाखांच्या इतिहासात १९५३ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ६ मे रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदय उघडून केलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया पार पडली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांनी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने हृदयाच्या हालचालीची नोंद घेतली. त्यासाठी वापरलेले उपकरण मूळचे धातूमधील तडे शोधण्यासाठीचे होते. हर्ट्झ यांनी अशा उपकरणाचा पहिला प्रयोग माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यात जाऊन केला होता.

एडलर यांच्यापुढील प्रश्न व्यवहाराचा होता. आकुंचित द्विदल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया १९४८ पासून पुन्हा प्रचारात आली होती आणि कोणता रुग्ण तिच्यासाठी योग्य, हे आधी ठरविण्याची निकड होती. म्हणजेच ही तपासणी जन्मतःच शस्त्रक्रियेपूर्वीच्या निर्णयाशी जोडलेली आहे. हृदयातून परत येणारा एक ठळक प्रतिध्वनी डाव्या अलिंदाच्या पुढील भिंतीचा असावा, असे एडलर यांना आरंभी वाटले होते. पुढे ध्वनिकिरणांची दिशा शवविच्छेदनात पडताळून पाहिली असता तो द्विदल झडपेच्या पुढील पाकळीचा असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर बराच काळ तपासणीचा भर झडपेवर व खालच्या निलयावर राहिला. एडलर व हर्ट्झ यांना १९७७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्रात याच काळात मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये याच रुग्णालयात त्यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तरी जगात अशा शस्त्रक्रियेस आरंभ होऊन अवघे काही आठवडे झाले असता हा प्रयत्न झाला होता, ही बाब लक्षणीय आहे.

व्यासाकडून आकारमानाकडे

डाव्या अलिंदाचा आकार ध्वनितपासणीने अजमावण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत हार्वी फायगेनबॉम यांच्या गटाने केले. अलिंदाचा आकार आणि अलिंदकंप यांचे नाते १९७६ साली वॉल्टर हेन्री व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने स्पष्ट केले. डाव्या अलिंदाचा व्यास ४० मिलिमीटरपेक्षा कमी असलेल्या ११७ रुग्णांपैकी केवळ ३ जणांना अलिंदकंप होता. त्याहून अधिक व्यासाच्या १४८ रुग्णांपैकी ८० जणांना तो होता. तथापि यातून एक शंका उरली. अलिंद मोठे झाल्याने कंप सुरू होतो, की कंपामुळे अलिंद मोठे होते?

या शंकेचे उत्तर रुग्णालयात मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी निरोगी माणसांची मापे आधी घेऊन नंतर वर्षानुवर्षे वाट पाहणे आवश्यक होते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन सुरू झालेल्या पाहणीने हे कार्य केले. १९९४ साली तेथील नोंदींवरून असे दाखविण्यात आले, की अलिंदाचा व्यास दर ५ मिलिमीटरने वाढला असता पुढे अलिंदकंप होण्याचा धोका ३९ टक्क्यांनी वाढतो. अलिंदाची वाढ ही अनेकदा कंपाच्या आधी येते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

व्यासाच्या मोजणीत मात्र एक उणीव होती. अलिंद चारही दिशांना सारखे फुगत नाही. पुढे उरोस्थी व मागे पाठीचा कणा असल्याने ते बहुधा वर-खाली व बाजूंना पसरते, तर जुन्या पद्धतीत नेमके पुढून मागचे अंतर मोजले जाई. भंडारा जिल्ह्यातील मामा तलावात एकाच ठिकाणी काठी बुडवून पाणीसाठा सांगता येत नाही, तसाच हा प्रकार होता. द्विमितीय चित्रण प्रचारात आल्यावर दोन दिशांनी चित्र घेऊन अलिंदाचे आकारमान काढणे व त्यास शरीराच्या पृष्ठफळाने भागणे शक्य झाले. या आकारमानाचे विशेष महत्त्व असे, की ते तात्कालिक अवस्थेपेक्षा दीर्घकाळचा ताण दर्शविते. उच्च रक्तदाबाने वा वयोमानाने डावे निलय ताठर झाले, की त्याला रक्त पुरविणाऱ्या अलिंदावर दाब वाढतो आणि ते वर्षानुवर्षे हळूहळू ताणले जाते.

शस्त्रक्रियेच्या संदर्भात याचा निर्णायक पुरावा अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००६ साली मांडला. २०५ रुग्णांचे अलिंद शस्त्रक्रियेपूर्वी मोजून त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांचे आकारमान शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळामागे ३२ मिलिलिटरपेक्षा अधिक होते, त्यांना शस्त्रक्रियेनंतर अलिंदकंप होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट आढळला. वय व अन्य कारणे विचारात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. त्याच भागातील ऑल्मस्टेड परगण्याच्या रहिवाशांच्या नोंदींवरून २०११ साली असेही दाखविण्यात आले, की निलय शिथिल होण्याच्या क्रियेतील बिघाड जितका अधिक, तितका हा धोकाही अधिक. अलीकडे अलिंदाच्या भिंतीचा ताण संगणकाच्या साहाय्याने मोजण्याची पद्धतही आली असून अलिंद मोठे होण्यापूर्वीचा बिघाड तीत दिसू शकतो.

पाश्चात्त्य प्रमाण आणि संधिज्वराचे हृदय

वरील अभ्यासांतील रुग्ण मुख्यतः उतारवयातील व रोहिणी-अवरोधाने, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने, पीडित होते. भारतातील चित्र संमिश्र आहे. बायपासच्या रुग्णांबरोबरच येथे बालपणी घशाच्या जंतुसंसर्गातून उद्भवलेल्या संधिज्वराने झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण, विशेषतः स्त्रिया, शस्त्रक्रियेसाठी येतात. द्विदल झडप आकुंचित झालेल्या रुग्णाचे डावे अलिंद बहुधा आधीच पुष्कळ मोठे असते आणि अनेकांना शस्त्रक्रियेपूर्वीच अलिंदकंप असतो. अशा गटात ३२ मिलिलिटरची मर्यादा लावल्यास जवळजवळ सर्वच रुग्ण धोक्याच्या बाजूला पडतील आणि निवड करण्याचे तिचे सामर्थ्य उरणार नाही. एका लोकसमूहावर सिद्ध झालेले प्रमाण दुसऱ्या समूहास जसेच्या तसे लावणे इतिहासदृष्ट्या व शास्त्रदृष्ट्या योग्य नव्हे. येथील रुग्णांसाठी येथल्याच नोंदींतून मर्यादा निश्चित व्हावयास हवी.

औषधाच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. गुठळी रोखणारी नवी औषधे आल्यावर वारंवार रक्त तपासण्याची गरज संपेल, अशी अपेक्षा होती. परंतु संधिज्वरजन्य हृदयविकारासह अलिंदकंप असलेल्या २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवरील इन्व्हिक्टस नावाच्या चाचणीत २०२२ साली जुनेच, जीवनसत्त्व-के विरोधी औषध सरस ठरले. या अभ्यासाचे नेतृत्व करणाऱ्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. गणेशन कार्तिकेयन हे प्रमुख होते. जुन्या औषधाबरोबर आयएनआर या रक्ततपासणीची गरज कायम राहते. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, चवळी अशा पालेभाज्यांचे प्रमाण आहारात एकदम वाढले, तर जीवनसत्त्व-के मिळून औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. अशी माहिती व तपासणी रुग्णाला गावाजवळच मिळणे अगत्याचे ठरते.

भंडाऱ्याचा रुग्ण : मार्ग आणि योजना

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाल्यावर राजधानी आठशेहून अधिक किलोमीटर दूर गेली. उपचारांचे केंद्र मात्र नागपूरच राहिले. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून विदर्भाची सेवा करीत आले आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडाऱ्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती.

हृदयशस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आणण्याचा शासकीय प्रयत्न १९९७ साली जीवनदायी योजनेने सुरू झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत भंडाऱ्याचा समावेश नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. आरंभीच्या या योजनेत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवांचाही समावेश होता. उपचार शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही, हे तत्त्व शासनाने त्यातून मान्य केले, असे म्हणता येते. परंतु खर्चाची तरतूद होणे आणि रुग्णाच्या हाती नोंदींची साखळी राहणे या भिन्न बाबी आहेत.

यंत्राच्या प्रसारालाही एक सामाजिक मर्यादा आहे. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. हृदयतपासणीचे यंत्रही श्राव्यातीत ध्वनीवरच चालत असल्याने त्याच्या नोंदणीचे बंधन आहे आणि सुटसुटीत यंत्रांच्या वापरावर २०१२ पासून विशेष निर्बंध आहेत. मुलींच्या जन्माच्या रक्षणासाठी हे निर्बंध समर्थनीयच आहेत. मात्र त्यामुळे यंत्र पेटीत घालून गावोगावी नेणे सोपे नाही. म्हणून एकदा काढलेल्या इकोच्या अहवालातील प्रत्येक आकडा जपून वापरणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पूर्वानुमानानंतर काय?

पूर्वानुमानाचे मूल्य त्यानंतर होणाऱ्या कृतीवर अवलंबून असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ६०१ रुग्णांच्या एका चाचणीत अमिओडॅरोन हे औषध शस्त्रक्रियेच्या सहा दिवस आधीपासून एकंदर १३ दिवस दिले असता अनियमित ठोक्यांचे प्रमाण सुमारे ३० वरून १६ टक्क्यांवर आले. हे औषध सर्वांना देण्याजोगे नाही. त्याचे दुष्परिणाम आहेत. म्हणूनच धोका कोणाला अधिक, हे आधी कळण्याची गरज भासते. शस्त्रक्रियेच्या सहा दिवस आधी लाखांदूर वा तुमसरचा रुग्ण बहुधा आपल्या घरीच असतो. पूर्वानुमान उपयोगी पडावयाचे तर ते नागपूरला दाखल होण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर त्याआधीच व्हावयास हवे.

शस्त्रक्रियेतच करावयाचा एक उपाय २०२१ साली पुढे आला. न्यूयॉर्कमधील ४२० रुग्णांच्या चाचणीत हृदयावरणाच्या मागील डाव्या बाजूस छेद देऊन साचणाऱ्या द्रवाला वाट करून दिल्याने अलिंदकंपाचे प्रमाण ३२ वरून १७ टक्क्यांवर आले. विकार झाल्यानंतर ठोके पूर्ववत करणे श्रेयस्कर की केवळ गती आटोक्यात ठेवणे पुरेसे, या प्रश्नावरील २०१६ सालच्या चाचणीत दोन्ही मार्ग सारखेच ठरले आणि ६० दिवसांनी ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत कंप उरला नव्हता. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तथापि हे ६० दिवस भंडाऱ्याचा रुग्ण बहुतांशी आपल्या गावात काढतो. ज्यांच्यात कंप टिकून राहतो वा उलटतो त्यांना ओळखणार कोण, हा प्रश्न येथे उभा राहतो. नाडी पाहणे हे त्याचे पहिले साधन आहे. मनगटावर बोट ठेवून मिनिटभर ठोके मोजण्यास यंत्र लागत नाही. कोणाची नाडी अधिक काळजीने पाहावयाची, हे मात्र माहीत असावे लागते.

येथेच अलिंदाचे मोजमाप गावाच्या उपयोगी पडते. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर शस्त्रक्रियेपूर्वीचे अलिंदाचे आकारमान, शस्त्रक्रियेनंतर कंप झाला होता काय, किती काळ टिकला आणि गुठळीरोधक औषध केव्हापर्यंत घ्यावयाचे, या चार बाबी मराठीत लिहिल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास पुढील दिशा मिळेल. २००४ च्या उपरोक्त अभ्यासातील धोक्याची गणना तर वय, पूर्वीचा अलिंदकंप, फुप्फुसाचा जुना विकार, झडपेची शस्त्रक्रिया आणि औषधे अचानक बंद होणे अशा साध्या माहितीवर आधारलेली होती. औषध अचानक बंद होणे हे कारण तर खेड्यात सर्वाधिक दक्षता मागणारे आहे.

निष्कर्ष

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अनियमित ठोक्यांचे पूर्वानुमान हे झडपेकडून निलयाकडे व निलयाकडून अलिंदाकडे सरकत गेलेल्या दृष्टीचे फलित आहे. दुसरा, या प्रवासातील निर्णायक टप्पे बर्नले, फ्रॅमिंगहॅम व ऑल्मस्टेड अशा ठिकाणच्या दीर्घ नोंदींतून साध्य झाले. यंत्र हे त्या नोंदींचे साधन होते. तिसरा, परदेशी रुग्णांवरून ठरलेली मर्यादा संधिज्वराच्या रुग्णांस लावताना फेरविचार अनिवार्य आहे. चौथा, शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेर व तिचे परिणाम जिल्ह्यात, ही स्थिती असेपर्यंत नोंदींचा दुवा जोडल्याशिवाय पूर्वानुमान रुग्णाच्या कामी येणार नाही.

भंडारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. शस्त्रक्रिया करून परतलेल्या जिल्ह्यातील रुग्णांची तालुकावार नोंद ठेवणे, त्यांची नाडी व ईसीजी ठरावीक काळाने तपासणे आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या इकोशी त्यांची सांगड घालणे, हे कार्य अशा संस्थेच्या आवाक्यात आहे. त्यास प्रचंड खर्च लागत नाही; सातत्य लागते. फ्रॅमिंगहॅमची पाहणी ५२०९ माणसांवर उभी राहिली, हे ध्यानात घेता बारा लाखांच्या जिल्ह्यात अशी नोंद अशक्य मानण्याचे कारण नाही. ती सिद्ध झाल्यास वैनगंगेच्या काठावरील रुग्णास त्याच्याच लोकांच्या अनुभवावर आधारलेले पूर्वानुमान मिळेल आणि टाळता येण्याजोग्या पक्षाघातापासून काही कुटुंबे तरी वाचतील.